उगाच कशाला कुणाला त्रास

हेस्टर लॉक्सटन जन्माला आली तीच म्हणे कुणाला त्रास न देता. तिच्या आईला, मार्जरीला, कळा सुरू झाल्या तेव्हा नर्सबाईंची चहाची वेळ होती. ‘होऊ दे त्यांचा चहा, उगाच कशाला त्रास,’ म्हणून मार्जरी दात आवळून पडून राहिली, आणि नर्सबाई कप ठेवून आल्या तोवर हेस्टर निम्मी या जगात पोचली होती. लॉक्सटनांच्या घरी ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात. हेस्टरचा बाप क्लिफर्ड एकदा शिडीवरून पडला, मनगट मोडलं, तर गृहस्थ एका हाताने गाडी चालवत घरी आला आणि आधी शांतपणे जेवला, कारण जेवण तयार होतं. आमच्या सॉमरसेटात, इंग्लंडच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात, त्यातही या सखल, पाणथळ भागात, कुणाचं दार न वाजवता आयुष्य काढलं की माणूस सज्जन ठरतो. मग त्या सज्जनपणापायी तो मेला तरी बेहत्तर.

अशा घरातली मुलगी डॉक्टर व्हायला निघाली आणि तिची गाडी छान चालली होती. ब्रिस्टलच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, हुशार होती, हाताला गुण होता. ज्या म्हाताऱ्यांची शीर भल्याभल्यांना सापडत नसे, ती हिला सापडायची. वॉर्डातल्या नर्सेस तिच्यावर खूश असायच्या, कारण ही कधी काही मागायची नाही. आणि मग आली ती परीक्षा.

त्या परीक्षेत ना हृदय येतं, ना मूत्रपिंड. नुसते प्रसंग. समजा तुम्ही नुकतेच पास झालेले, पहिल्या वर्षाचे डॉक्टर आहात; अमुक घडलं; आता पुढे पाच पर्याय आहेत; सगळ्यात योग्य ते सगळ्यात अयोग्य असे त्यांना नंबर लावा. वर ठळक अक्षरात सूचना असते, की तुम्ही काय कराल ते विचारलेलं नाही, काय करायला हवं ते विचारलंय. या परीक्षेचे गुण आणि कॉलेजातले गुण मिळून तुमची रांगेतली जागा ठरते, आणि त्या जागेवरून ठरतं की पहिली दोन वर्षं देशाच्या कुठल्या कोपऱ्यात तुम्हाला कामाला जुंपणार. आमच्या भागाला मागणी फार. समुद्र जवळ, सफरचंदाची सायडर चांगली, लोक गोड. त्यामुळे खालच्या गुणांचा माणूस इथून थेट वर, उत्तरेच्या थंडीत फेकला जातो.

हेस्टरला इथेच राहायचं होतं, आणि त्याचं कारण होतं जेथ्रो.

जेथ्रो कूम्ब्स हा शेजारच्या गावचा. बाप गेल्यापासून दूधदुभत्याचा सगळा डोलारा एकटा सांभाळणारा, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. पण हसला की हेस्टरला पुढचे दोन दिवस अभ्यास सुचायचा नाही. जुलैत त्यांचं लग्न ठरलं होतं. चर्च ठरलं, गावचा हॉल ठरला, मार्जरीने लग्नात घालायची टोपीसुद्धा घेऊन ठेवली. ऑगस्टात हेस्टरची नोकरी सुरू व्हायची. ती जवळपास मिळाली तर संसार, आणि लांब मिळाली तर दोन वर्षं नुसते फोन. जेथ्रो तिच्या मागे जाऊ शकत नव्हता. गाईंची बदली होत नाही, आणि गाईंना रोज दोनदा पिळावं लागतं, मग तुमचं लग्न होवो की न होवो.

तर अशी सगळी मदार त्या परीक्षेवर, आणि सरावाच्या पेपरात हेस्टर सपाटून आपटत होती.

“दाखव बरं काय विचारतात ते,” एका रविवारी जेवताना क्लिफर्ड म्हणाला. टेबलावर भाजलेलं बीफ, बटाटे, ग्रेव्हीचं भांडं, आणि जेथ्रो पाहुणा म्हणून धुतलेल्या शर्टात.

हेस्टरने वाचलं. “सकाळी तुमच्या बरोबरीच्या डॉक्टरच्या तोंडाला दारूचा वास येतोय. तो म्हणतो, रात्री वाढदिवस होता, मी ठीक आहे. काय करायला हवं?”

“अगं बाई,” मार्जरी म्हणाली, “त्या पोराने सकाळी काही खाल्लं होतं का? कॉफी दे म्हणावं त्याला. आणि टोस्ट.”

“कॉफी आहे पर्यायात. टोस्ट नाहीये, आई.”

“मग कॉफी एक नंबर.”

“छे!” क्लिफर्डने काटा हवेत धरला. “बाजूला घ्यायचा आणि दोन शब्दांत झापायचा. बास.”

“जेथ्रो, तू?”

जेथ्रोने बटाटा गिळला. “घरी पाठवून द्यायचा. त्याचं काम आपण करायचं. कुणाला कळायचं कारण नाही.”

हेस्टरचा चेहरा उजळला. “मीही हेच लिहिलं! अगदी हेच!”

“मग बरोबर काय आहे?”

हेस्टरने पान उलटलं. “वरिष्ठांना सांगायचं. त्याच दिवशी. आणि तुमचा पर्याय, म्हणजे आपला, तो शेवटून दुसरा.”

मार्जरीने ग्रेव्हीचं भांडं हळूच खाली ठेवलं. “म्हणजे चुगली करायची?” ती म्हणाली, आणि तो शब्द तिने असा उच्चारला की जणू लेकीला कुणी सरकारी खर्चाने चोरी शिकवत होतं.

पुढचा प्रश्न एका पेशंटच्या मुलीने दिलेल्या भेटीचा होता; तो क्लिफर्डने ‘चॉकलेटं कुठली आहेत त्यावर आहे’ म्हणून निकालात काढला. त्यापुढच्यात, ड्यूटी संपलेली आहे, तुमच्या जागी येणारा उशीर करतोय, आणि काम तुमच्या आवाक्याबाहेरचं आलंय. तिघांनीही एकमुखाने सांगितलं, की थांबायचं, निभावून न्यायचं, आणि घरी जाऊन कुणाला बोलायचं नाही. जेवण संपेपर्यंत लॉक्सटन घराण्याने आणि भावी जावयाने मिळून असे गुण मिळवले, की अख्ख्या कुटुंबाला देशाच्या पार उत्तर टोकाला नेऊन सोडलं असतं. सगळे खूप हसले. हेस्टरही हसली, पण भांडी पुसताना तिने तो पेपर पुन्हा समोर उघडून ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात तिने वॉर्डातल्या डॉक्टर बोसेडेंना आपला सरावाचा पेपर दाखवला. म्हणजे तिने दाखवला नाही, मागण्याची सवय कुठे होती. बोसेडेंनीच तिच्या हातातून ओढून घेतला. या बाई नायजेरियातल्या लेगॉसहून आलेल्या, आवाज खणखणीत, आणि वॉर्डात त्यांना कुणी कधी ‘काही नाही, ठीक आहे’ असं म्हटलेलं खपत नसे.

त्या उभ्याउभ्या वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू फार गोड मुलगी आहेस.”

“थँक यू.”

“कौतुक नाही करत आहे. हे बघ, दारू प्यालेल्याची अब्रू तू वाचवलीस. उशिरा येणाऱ्याची वाचवलीस. वॉर्डाच्या वरिष्ठ डॉक्टरची, रजिस्ट्रारची झोप वाचवलीस, म्हणजे माझी. सगळ्यांचं भलं केलंस. आता मला सांग, या सगळ्या उत्तरांत पेशंट कुठे आहे?”

हेस्टरने सगळी उत्तरं पुन्हा वाचली. पेशंट कुठेच नव्हता.

“पण एवढ्यातेवढ्यासाठी तुम्हाला फोन करायचा, म्हणजे...”

“म्हणजे काय? मला पगार कशाचा मिळतो, मुली?” बोसेडे म्हणाल्या आणि निघून गेल्या.

हेस्टरला ते पटलं. पण पटणं डोक्यात होतं, आणि तिचा हात मात्र तिच्या आईच्या घरात वाढलेला. पुढच्या सरावातही पेन आपोआप ‘स्वतः निभावून नेणे’कडेच वळलं. परीक्षा तोंडावर आली आणि पोरगी हवालदिल झाली.

त्या शनिवारी दुपारी ती पुस्तक घेऊन जेथ्रोच्या गोठ्यावर गेली. तो काम करता करता तिला प्रश्न विचारायचा, अशी त्यांची पद्धत पडली होती. बाकीचे प्रियकर प्रेयसीला फिरायला नेतात, हा शेणाच्या हातांनी ‘पर्याय क’ वाचून दाखवायचा. पण आज तो मान वर करत नव्हता. डोरिस नावाची त्याची लाडकी गाय व्यायला आडवी पडली होती आणि जेथ्रो खांद्यापर्यंत हात घालून घामाघूम झाला होता.

“उलटं आहे,” तो म्हणाला. “शेपटी आधी येतेय.”

“कधीपासून?”

“झाला थोडा वेळ.”

जेथ्रोचा ‘थोडा वेळ’ म्हणजे काय ते हेस्टरला माहीत होतं. “प्रूला बोलावलंस?” प्रू म्हणजे गुरांची डॉक्टर.

“शनिवारी? जेवत असेल ती. जमेल मला.”

“जेथ्रो.”

“जमेल म्हटलं ना. बाबांना जमायचं.”

हेस्टर पेंढ्यावर बसली. डोरिसचं डोकं तिच्या मांडीजवळ होतं. गाय आता हंबरतही नव्हती. नुसती मोठ्या डोळ्यांनी बघत होती आणि तिच्या बरगड्या वरखाली होत होत्या. जेथ्रो ओठ आवळून खटपट करत होता. तो थकला होता, त्याला जमत नव्हतं, आणि हे त्या गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला कळलं होतं, एक त्याला सोडून. हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, अरे, ही तर मीच. हा माझाच पेपर आहे. यात जेथ्रोची लाज आहे, त्याच्या बापाचं नाव आहे, प्रूचं जेवण आहे. आणि डोरिस कुठेच नाही.

तिने बाहेर जाऊन फोन लावला. “प्रू, हेस्टर बोलतेय. आम्हाला जमत नाहीये. तू ये,” ती म्हणाली. एवढी साधी तीन वाक्यं, पण लॉक्सटनांच्या घराण्यात ती अशी सरळ कुणी उच्चारली नव्हती.

प्रू आली ती तोंडातला घास चावतच. बाह्या वर सारल्या, काहीतरी पुटपुटली, जेथ्रोला ‘हो बाजूला’ म्हणाली, आणि बऱ्याच झटापटीनंतर ओलंचिंब, लटपटतं वासरू पेंढ्यावर येऊन पडलं. एक क्षण ते हललं नाही. मग शिंकलं. डोरिसने मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली तेव्हा हेस्टरचा जीव भांड्यात पडला.

“आणखी थोडा उशीर केला असतास,” प्रू हात धूत म्हणाली, “तर मी नुसती चहा प्यायला आले असते. दोन्ही गेली असती.”

प्रूची गाडी गेल्यावर जेथ्रो म्हणाला, “माझ्या गोठ्यात, मला न विचारता फोन?”

“हो.”

“मी जमवलं असतं.”

“नसतं जमवलं,” हेस्टर म्हणाली. “आणि तुझ्यावर माझं प्रेम आहे. दोन्ही खरं आहे.”

तो फुगला तो थेट संध्याकाळपर्यंत. पण रात्री त्याचा मेसेज आला, ‘वासराचं नाव प्रू ठेवलंय.’ आमच्याकडच्या पुरुषाकडून याहून मोठी माफी अजून कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

परीक्षेला हेस्टर गेली ती डोरिसचे डोळे घेऊनच. प्रत्येक प्रश्नात तिने आधी ती गाय शोधली आणि मग नंबर लावले. सर्जनने हात धुतले नाहीत? गाय कुठे आहे? औषध चुकीचं लिहिलं गेलं, पेशंटला काही झालं नाही, सांगायचं की नाही? गाय कुठे आहे? पेपर बरा गेला. सरावापेक्षा कितीतरी बरा.

पण बरा जाणं आणि पुरेसा जाणं यात फरक असतो. मार्चमध्ये निकाल लागला. हेस्टरने कॉलेजच्या जिन्यात उभं राहून फोनवर वाचला. नॉर्थम्बरलँड. इंग्लंड संपतं त्याच्या जरा अलीकडे. तिथून पुढे स्कॉटलंड. थोडक्यात हुकलं होतं, पण थोडक्यात हुकलेल्यालाही तिथेच जावं लागतं.

तिने जेथ्रोला मेसेज केला, ‘नॉर्थम्बरलँड. संध्याकाळी येते.’

उत्तर आलं, ‘बरं.’

बरं! ती त्या शब्दाकडे बघत राहिली. तिला राग आला, मग रडू आलं, मग दोन्हीची तिला लाज वाटली. गाडी चालवत येताना तिने सगळं ठरवून टाकलं. लग्न ठरल्याप्रमाणे करायचं. मग ती एकटी जाईल. सुट्टी मिळाली की तीच गाडी चालवत येईल, दिवसभराचा रस्ता असला म्हणून काय झालं. त्याला काही बदलावं लागणार नाही. त्याला कसलाच त्रास नाही. वाटेत तिला स्वतःच्या या योजनेचा जरा अभिमानही वाटू लागला, आणि त्यावरून तुम्ही ओळखा की डोरिसचा धडा पेपरपुरताच राहिला होता.

ती पोचली ती दूध काढायच्या वेळेला. गोठ्यात दिवा नव्हता. यंत्राचा आवाज नव्हता. आणि गाई नव्हत्या. एकही नाही. नुसत्या रिकाम्या गव्हाणी आणि ओला पेंढा.

“जेथ्रो!” तिने हाक मारली. विकल्या. त्या वेड्याने गाई विकल्या. एका शब्दाचा मेसेज पाठवला आणि बापाच्या गाई विकून मोकळा झाला.

तेवढ्यात पलीकडून हंबरणं ऐकू आलं. डोरिसचं हंबरणं तिने कुठेही ओळखलं असतं. ती आवाजाच्या दिशेने धावली, शेताच्या कडेला, जिथे कूम्ब्सांची जमीन संपते आणि रुंद चरापलीकडे डेझमंड पडी या शेजाऱ्याची सुरू होते. त्या चरावर एक लाकडी साकव होता आणि त्याच्या तोंडाशी फाटक. हेस्टरने ते फाटक आजवर उघडं पाहिलेलं नव्हतं. जेथ्रोचा बाप आणि डेझमंड यांच्यात तो चर कुणी साफ करायचा यावरून बिनसलं होतं; तो तुंबला, एका हिवाळ्यात कूम्ब्सांचा सगळा चारा पाण्यात गेला, आणि तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. बापाच्या अंत्यविधीलाही डेझमंड चर्चच्या बाहेरच उभा राहिला होता, टोपी हातात धरून.

आज फाटक सताड उघडं होतं. साकवाच्या फळ्या शेणाने माखल्या होत्या. पलीकडे डेझमंडच्या मोठ्या गोठ्यात दिवे लागले होते, आणि त्याच्या दारात जेथ्रोची शेवटची गाय नव्या जागेचा वास घेत अडून उभी होती. जेथ्रो मागून तिला ढकलत होता.

“काय करतोयस?” हेस्टर धापा टाकत म्हणाली.

“रोज दोनदा इथे आणायच्या. आज त्यांना सवय लावतोय. तुझं नॉर्थम्बरलँड आलं ना.”

“तू ‘बरं’ लिहिलंस!”

“मग? फोन ठेवला आणि इकडे आलो.” तो तिच्याकडे न बघता गाईच्या पाठीवर हात फिरवत बोलू लागला. “पाच पर्याय होते. एक, तुला म्हणायचं जा, मी बघतो माझं. दोन, लग्न पुढे ढकलायचं. तीन, गाई विकायच्या. चार, रडत बसायचं. पाच, मोठ्या माणसाला सांगायचं की मला जमत नाहीये.” तो थांबला. कान लाल झाले होते. “पाचवा मी पहिल्या नंबरवर टाकला. चुकलं असेल तर सांग.”

हेस्टरने त्याच्या कोटाची बाही धरली.

“दोन वर्षं डेझमंड बघणार. मी तुझ्याबरोबर येतोय. तिकडेही गाई असतातच की, कुणाला तरी पिळायला माणूस लागेल.”

गोठ्याच्या आतून डेझमंड बाहेर आला. जाडजूड, पांढऱ्या भुवयांचा, रबरी बुटांतला म्हातारा. हेस्टरने आजवर त्याला फक्त लांबून पाहिलं होतं.

“तुम्ही खरंच हो म्हणालात?” तिने विचारलं.

“त्याने विचारलं,” डेझमंड म्हणाला, जणू एवढंच पुरेसं होतं. मग त्याने चराकडे हात केला. “याच्या बापाने एकदा येऊन म्हटलं असतं ना, की डेझमंड, मला एकट्याला चर आवरत नाहीये, तर मी त्याच दिवशी फावडं घेऊन गेलो असतो. त्याने विचारलं नाही. मीही म्हटलं, त्याला नकोय तर आपण कशाला उगाच.” त्याने नाक शिंकरलं. “चांगला माणूस होता. फार आठवण येते मला त्याची.”

जेथ्रोचा हात गाईच्या पाठीवर तसाच थांबला. हेस्टर पुढे झाली आणि तिने त्याला मिठी मारली, शेणाच्या कोटासकट, आणि मोठमोठ्याने रडू लागली.

“चौथा पर्याय,” जेथ्रो तिच्या केसांत म्हणाला.

“दुसऱ्या नंबरवर टाक,” ती हुंदके देत म्हणाली. “आणि माझ्या आईला बोलव.”

“आत्ता? ती जेवत असेल.”

“असू दे,” हेस्टर म्हणाली, आणि तिने स्वतःच फोन लावला.